ऑपरेशन झालं, आता दोघांचं काय?

शेजारी सासूबाई बसल्या असतील तर रेडिओचा आवाज थोडा कमी करा, पण बंद करू नका. प्रोस्टेटच्या कॅन्सरचे उपचार झाल्यावर नवरा-बायकोत जे अंतर पडतं, त्याबद्दल आज आम्ही बोलणार आहोत.

आमच्या बचत गटात हप्ते भरून झाले, वही मिटली, की मनातल्या गोष्टी निघतात. तशाच एक ताई म्हणाल्या, "ऑपरेशन झाल्यापासून हे ओसरीवर झोपतात. माझं काय चुकलं?"

त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं. प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी. लिंगाला ताठरपणा आणणाऱ्या नसा तिला अगदी चिकटून जातात. ऑपरेशनमध्ये त्या दुखावतात, कधी काढाव्याही लागतात. वाचलेल्या नसा सावरायला दीड-दोन वर्षंसुद्धा जातात. रेडिएशन दिलं असेल तर त्रास हळूहळू, नंतर दिसायला लागतो. आणि हार्मोनची इंजेक्शनं चालू असतील किंवा वृषण काढले असतील, तर इच्छाच कमी होते. अंगातून गरम वाफा, घाम, चिडचिड. पाळी जाताना आपलं जे होतं, तेच की हे! आपल्याइतकं ते कोणाला कळणार?

पुरुष मात्र बोलत नाही. पुढचं जमणार नाही म्हणून तो हात धरायचंही सोडतो, आणि बायकोला वाटतं, आपण नकोशा झालो. आमच्या मते खरं नुकसान इथं होतं. म्हणून सुरुवात स्पर्शापासून करा. पाठीला तेल लावा, शेजारी झोपा. "आज फक्त जवळ बसू" असं आधीच सांगितलं की त्यांच्यावरचा ताण उतरतो.

काही बायका भीतीनं लांब राहतात. संबंधांमुळे हा कॅन्सर बायकोला लागत नाही. प्रोस्टेट काढल्यावर वीर्य बाहेर येत नाही, पण सुखाची जाणीव बहुतेकांना राहू शकते, ताठरपणा नसला तरी. लघवी गळत असेल तर आधी लघवीला जाऊन यावं, अंथरुणावर जुना टॉवेल घालावा. लघवी अडवताना जो स्नायू आवळतो, तो आवळायचा-सोडायचा व्यायाम डॉक्टर शिकवतात. तो एरवी करायचा, लघवी करताना नाही.

गोळ्या आहेत, व्हॅक्यूम पंप आहे, इंजेक्शन आहे. पण मेडिकलमधून मनानं गोळी आणू नका. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी जे घेतात, त्यांचं ताकदीच्या गोळीनं रक्तदाब एकदम उतरून जिवावर बेतू शकतं. बसस्टँडवरच्या जाहिरातीतल्या चूर्णांबद्दल तर आम्ही बोलतही नाही.

आणि तुमचं शरीर? पन्नाशीनंतर आपल्यालाही कोरडेपणा येतो, दुखतं. त्यासाठी मेडिकलमध्ये पाण्यासारखी, धुवून जाणारी जेली मिळते. तुम्हाला आता संबंध नकोच असतील, तर तेही त्यांना प्रेमानं सांगा. तो तुमचा हक्क आहे.

पुढच्या तपासणीला बाहेर बाकावर बसून राहू नका, त्यांच्याबरोबर आत जा. ते लाजले तर तुम्ही विचारा, "डॉक्टर, आमच्या संबंधांचं काय?" एवढं वाक्य पुरतं. त्या ताईंनी तेच विचारलं. गोळीचा गुण यायला वेळ लागेल म्हणे, पण ओसरीवरची वळकटी आत आली आहे.