विद्यापीठ आणि त्याचे कामगार



विद्यापीठाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील तर ते रास्तच आहे. आम्ही विद्यापीठाची पायरी चढलो ती पदवीसाठी नव्हे, तेथल्या शिपायांची व झाडूवाल्यांची गाऱ्हाणी घेऊन. पण त्यामुळेच पुढच्या दारावरची पाटी आणि मागच्या दाराचा व्यवहार यांतले अंतर आमच्या ध्यानात आले. आजची हकीगत परदेशची आहे; तिच्याशी आपला जुना ऋणानुबंध मात्र आहे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली शिकावयास गेले. तेथे त्यांना जॉन ड्यूई हे गुरू लाभले. हे ड्यूई न्यूयॉर्कच्या शिक्षकसंघटनेचे आरंभीचे सभासद होते. पुढे संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत जो संप झाला, त्यात बाबासाहेब अग्रभागी होते. विद्यापीठाने १९५२ साली त्यांना सन्माननीय पदवी दिली; तेथे त्यांचा अर्धपुतळाही आहे.

त्याच विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थी खालच्या वर्गांना शिकवतात, उत्तरपत्रिका तपासतात, प्रयोगशाळेत राबतात. २०१४ च्या अखेरीस त्यांनी संघटना बांधली आणि आसरा घेतला तो मोटार कामगारांच्या युनियनचा! (हे वाचून आम्हांला जो आनंद झाला तो लपवीत नाही.) विद्यापीठ मजूरमंडळापुढे म्हणाले, हे कामगार नव्हेत, विद्यार्थी आहेत, शिकवणे हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग. आम्ही दचकलो. ‘हा कामगार नव्हे, उमेदवार आहे’, हे वाक्य किती कारखानदारांच्या तोंडून ऐकले असेल! ऑगस्ट २०१६ मध्ये मंडळाने निकाल दिला, की माणूस एकाच वेळी विद्यार्थी आणि कामगार असू शकतो. डिसेंबरात मतदान झाले : संघटनेच्या बाजूने १,६०२, विरुद्ध ६२३. तरी जानेवारी २०१८ मध्ये विद्यापीठाने वाटाघाटींना साफ नकार दिला.

तेव्हाचे अध्यक्ष ली बोलिंजर हे भाषणस्वातंत्र्याच्या कायद्याचे नामांकित पंडित. मिशिगन विद्यापीठाचे प्रमुख असताना कृष्णवर्णीयांना प्रवेशात झुकते माप देण्याचे धोरण त्यांनी लढवले. २००३ साली सर्वोच्च न्यायालयात गाजलेल्या खटल्यांना त्यांचेच नाव आहे. म्हणून तर ही गोष्ट सांगण्याजोगी. कर्मठाने संघटना नाकारली तर त्यात नवल कसले?

संपाशिवाय गत्यंतर उरले नाही. सर्वांत मोठा संप ३ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झाला. सुमारे तीन हजारांचा तो झगडा नऊ आठवड्यांहून अधिक चालला. पगाराइतकाच एक मुद्दा ऐरणीवर होता : छळाच्या तक्रारीचा निवाडा त्रयस्थ लवादाने करावा. जगाला कायदा शिकवणारे विद्यापीठ यावर अडून बसले. डिसेंबरात कचेरीतून पत्र निघाले, की दहा तारखेपर्यंत न परतणाऱ्यांना पुढच्या सत्रातल्या कामाची हमी नाही. गिरणीच्या फाटकावर अशा नोटिसा आम्ही पुष्कळ वाचल्या. येथली भाषा तेवढी शुद्ध होती.

विद्यापीठ या मुलांची फी भरत होते, हेही खरे. अनेक प्राध्यापक त्यांच्या पाठीशी उभे राहिले, हेही सांगितले पाहिजे. पण फी माफ करणे ही मेहेरबानी. करारावर सही करणे म्हणजे समोरच्याला बरोबरीचा मानणे. अडले ते तिथे. अखेर जानेवारी २०२२ मध्ये करार झाला. पगार वाढला आणि लवादाची वाटही मोकळी झाली.

आपल्याकडेही हेच. दिल्ली विद्यापीठाच्या मुलींच्या कॉलेजात बसगाड्या तोट्यात चालतात म्हणून बंद केल्या आणि चालकांना घरी बसवले. त्यांनी भरपाई मागितली. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, विद्यापीठ हा उद्योग नव्हे. गाडी हाकणारा ज्ञानदान करीत होता की काय, कोण जाणे! १९७८ साली सात न्यायाधीशांनी ते मत फिरवले. तोवर पंधरा वर्षे गेली होती.

आणि आपल्या महाराष्ट्रातल्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवणारे? त्यांना तासावर पैसे मिळतात, त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. या श्रोतृवृंदात असे कोणी बसले असतील. आभारप्रदर्शन झाल्यावर आम्ही मंडपाच्या उजव्या दाराशी थांबणार आहोत. त्यांनी नेमणुकीचा कागद घेऊन यावे. नसेल, तर तसेच यावे.