अंगठा : ३० टक्के

(दादर येथील युवक अभ्यासवर्गात केलेले भाषण)



परदेशी विद्यापीठांतली पोरं एका सत्रापुरती मुंबईत येतात. त्यांना मी अपंगत्वाचा अभ्यास हा विषय शिकवतो. तुम्ही म्हणाल, आपल्या पोरांना इथलं कॉलेज परवडत नाही आणि हा गोऱ्यांच्या वर्गाच्या गोष्टी सांगतोय. सांगतोय, कारण त्या वर्गात मी जे शिकवतो ते दादर-परळ-लालबागचं आहे. आपल्या पायाखालचं आहे.

ती पोरं येताना एक सिद्धान्त घेऊन येतात. १९७६ साली इंग्लंडातल्या अपंगांच्या एका संघटनेनं लिहून ठेवलं, की शरीरातली उणीव वेगळी आणि अपंगत्व वेगळं. पाय चालत नाही ही उणीव. सगळीकडे जिनेच बांधले हे अपंगत्व, आणि ते समाज लादतो. बरोबरच आहे. पण त्याच पोरांच्या डोक्यात भारताबद्दल दुसरंही काही भरलेलं असतं : इथली माणसं अपंगत्वाला पूर्वजन्मीचं पाप मानतात. मी विचारतो, इथली म्हणजे कुठली? पूर्वजन्माचा हिशेब ज्यांनी लिहिला त्यांनी त्याच वहीत आमची जात लिहिली. त्या वहीतली मनुस्मृती बाबासाहेबांनी १९२७ च्या डिसेंबरात महाडला जाळली.

मग मी त्यांना एस. के. बोले रस्त्यानं चालवतो. हे बोले कोण? १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. पुढं महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं. कागदावर. पाणी ओंजळीत यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि नंतर आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली. तहान शरीराची होती, अडवणूक गावाची. एवढं सांगितलं की इंग्लंडचा सिद्धान्त वेगळा समजावून द्यावा लागत नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानं सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षांची मुदत घातली. मुदत सरली. गर्दीच्या वेळी दादर स्टेशनात चाकाची खुर्ची घेऊन एकदा उतरून दाखवा.

पण इथं मला त्या सिद्धान्ताशी भांडावं लागतं. तो उणीव आधीच आलेली धरतो. ती येते कुठून, आणि कोणाच्या वाट्याला?

परळ-लालबागला या. आज टोलेजंग टॉवर दिसतात, तिथं गिरण्या होत्या. साचाखात्यात पगार जास्त, पण आपल्या माणसाला तिथं मज्जाव. का? धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढून घ्यायचा. आपल्या माणसाची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. लाल बावट्याखालीसुद्धा चालत नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न काढला तेव्हा कामगार-एकजुटीचे गळे काढणाऱ्यांची पंचाईत झाली. आता बघा. साच्यांच्या खडखडाटात कान जायचे ते विणकराचे. कापसाच्या धुळीनं छाती जायची ती सूतखात्यातल्या माणसाची. कोणाचा कुठला अवयव झिजायचा याची वाटणीही जातीनं केली होती. २०११ च्या जनगणनेत देशात अपंग २.२१ टक्के, अनुसूचित जातींत २.४५. फरक लहान दिसतो, पण तो दैवानं पडलेला नाही.

आणि यंत्रात बोट गेलं तर? कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. पुढं त्याचं नाव बदललं. त्याला परिशिष्ट होतं. ते मी वर्गात मोठ्यानं वाचतो. अंगठा गेला, कमाईची ताकद ३० टक्के गेली. तर्जनी १४. मधलं बोट १२. करंगळी ७. खाटकाच्या दुकानातली पाटी वाटावी अशी यादी आहे. तरी मी तिला नुसत्या शिव्या घालणार नाही. द्रोणानं एकलव्याचा अंगठा घेतला तेव्हा तो दक्षिणा होता. कायद्यानं निदान तो मालकावरचं देणं केलं.

दक्षिणेवरून दया आठवली. १९३८ साली मुंबई विधानसभेत ‘हरिजन’ हे नाव कायद्यात घालायचा काँग्रेस सरकारनं हट्ट धरला. बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार उठून बाहेर पडले. देवाची माणसं म्हणायचं नि पाणवठ्यावर येऊ द्यायचं नाही! २०१५ साली दिल्लीहून ‘दिव्यांग’ आलं. २०२२ साली महाराष्ट्रानं त्या नावाचं खातं काढलं. खातं हवंच होतं. पण ज्याचे हक्क द्यायचे नसतात त्याच्या अंगात दैवी काहीतरी सापडतं, हा अनुभव आपल्याला जुना आहे. परदेशी पोरांना हे लगेच कळतं. आपल्यातले काही मात्र ‘दिव्यांग’ छापलेल्या बॅनरखाली बसून सत्कार घेतात.

आता घरचं बोलू. आपल्या कविता काढा, पत्रकं काढा. आंधळा न्याय. लंगडी लोकशाही. बहिरं सरकार. अरे, सरकार बहिरं कुठं आहे? त्याला सगळं ऐकू येतं, म्हणून तर मोर्चाआधी पोलीस येतात. ज्याला खरोखर ऐकू येत नाही तो आपल्याच चाळीत राहतो आणि आपण त्याचं नाव शिवीसारखं वापरतो. बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला, त्यात मुका म्हणजे ज्याचं तोंड दाबलं तो. तिथं शिवी नव्हती, आरोप होता, आणि तो दाबणाऱ्यावर होता.

पँथरच्या संस्थापकांतले नामदेव ढसाळ १९८१ च्या सुमारापासून मायस्थेनिया ग्रेव्हिस घेऊन जगले. स्नायू थकवून टाकणारा आजार. २०१४ साली ते गेले. म्हणजे तीसेक वर्षं आपला एक पँथर आजारी शरीरानं लिहीत होता, भाषणं करत होता. त्यांच्या राजकारणावर आपण रात्र-रात्र भांडतो. तो आजार मात्र आपल्या बोलण्यात हळहळ म्हणून येतो. औषधाच्या बिलाचं राजकारण म्हणून येत नाही.

हा अभ्यासवर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. पुढचा कुठं घ्यायचा ते आज उठायच्या आधी ठरवू.

जय भीम.