आधी अंदाज, मग पडदा



एक घट, दोन सारखे दिवे, थोडी तार. दिवे एकसर जोडणीत, म्हणजे एकामागून एक. कळ दाबली तर कोणता दिवा जास्त प्रखर लागेल? सातवी-आठवीच्या वर्गात हा प्रश्न एकदा विचारून बघा. बरेच हात पहिल्या दिव्यासाठी वर जातात. कारणही मुलं ठामपणे सांगतात: "बाई, वीज आधी त्याच्याकडे येते ना! तो त्याला हवी तेवढी घेतो, उरलेली पुढच्याला." चुकीचं असलं तरी हे उत्तर मला फार आवडतं. त्यात विचार आहे. घरात पाण्याच्या टाकीजवळचा नळ जोरात येतो हे मुलांनी पाहिलेलं असतं, आणि तेच ती विजेला लावून बघतात.

आज मला बोलायचंय ते इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या शैक्षणिक साधनांबद्दल. पण संकेतस्थळांची यादी मी वाचून दाखवणार नाही. रेडिओवर 'डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू' म्हणून होईपर्यंत ऐकणाऱ्याला पेन सापडलेलं नसतं. त्यापेक्षा तीन-चारच साधनं घेऊ आणि ती वर्गात नेमकी कधी उघडायची ते बघू. साधन कोणतं, यापेक्षा ते तासात कुठल्या क्षणी उघडलं यावर सगळं अवलंबून असतं, असं माझं मत आहे.

तर ते दोन दिवे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात 2002 साली 'फेट' नावाचा प्रकल्प सुरू झाला. सुरू करणारे कार्ल वीमन यांना आदल्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. नोबेल मिळालेला माणूस शाळेतल्या मुलांना विजेचा परिपथ कसा कळेल याच्या मागे लागतो, हेच मला मोठं वाटतं. फेटवर विज्ञान आणि गणिताचे आभासी प्रयोग आहेत, त्यांतले काही मराठीतही आहेत. परिपथाच्या प्रयोगात घट, तारा, दिवे बोटाने उचलून जोडायचे. तारेतून निळे ठिपके सरकताना दिसतात, ते इलेक्ट्रॉन. जोडणी चुकवून शॉर्टसर्किट केलं तर पडद्यावर ज्वाळाही दिसतात. मुलं ते मुद्दाम करून बघणार हे गृहीत धरा आणि करू द्या.

आता हाच प्रयोग दोन प्रकारे दाखवता येतो. पहिला प्रकार सोपा: प्रोजेक्टर लावायचा, परिपथ जोडायचा, "बघा, दोन्ही दिवे सारखेच लागले" असं म्हणायचं आणि पुढच्या मुद्द्याकडे जायचं. मुलं हो म्हणतात. पुढच्या आठवड्यात विचारलं तर पहिला दिवा पुन्हा जास्त प्रखर झालेला असतो.

दुसऱ्या प्रकारात पडदा काळाच ठेवायचा. आकृती फळ्यावर खडूने काढायची आणि प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा, कारणासकट. मग हात वर करून मोजणी, आकडे फळ्यावर. शेजारच्याशी दोन मिनिटं भांडायला परवानगी. आणि त्यानंतर कळ. दोन्ही दिवे सारखे लागले की वर्गात जो गलका होतो, तो शिकण्याचा असतो. इथे कुणी घाई करू नये. अमीटर पहिल्या दिव्याच्या आधी लावा, दोघांच्या मधे लावा, शेवटी लावा. आकडा तोच. म्हणजे दिव्याने धारा खाल्ली नाही. मग दिव्याला मिळालं काय? हा प्रश्न एखादी मुलगी विचारतेच, आणि ऊर्जेचा पाठ तिथून सुरू होतो.

अंदाज, निरीक्षण, स्पष्टीकरण हा क्रम माझा नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हाइट आणि गन्स्टन या अभ्यासकांनी 1992 मध्ये तो आपल्या पुस्तकात मांडला, तेव्हा वर्गात इंटरनेट नव्हतं. क्रम जुना आहे. नव्या साधनाने एवढंच केलं की निरीक्षणाचा मधला टप्पा स्वस्त झाला.

स्वस्त झाला, पण जरा जास्तच स्वच्छही झाला. पडद्यावरचा घट कधी उतरत नाही, तार सैल होत नाही. म्हणून त्यानंतर खरे सेल आणि टॉर्चचे दिवे टेबलावर आलेच पाहिजेत. तिथे गंमत होते. दोन दिवे अगदी सारखे लागतीलच असं नाही, कारण बाजारातले दोन दिवे तंतोतंत सारखे नसतात. आपला अंदाज बरोबर होता म्हणून कुणीतरी ओरडतं. आता काय? जरा हुशार मुलगा दिव्यांच्या जागा अदलाबदल करून बघतो. प्रखर दिवा दुसऱ्या जागी गेला तरी प्रखरच राहिला, तर दोष जागेचा नाही, दिव्याचा आहे. हा धडा कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही. आणि ते निळे ठिपके? इलेक्ट्रॉन निळे नसतात, हे एकदा सांगून टाकावं. तारेत त्यांचं पुढे सरकणं सेकंदाला मिलिमीटरभरही नसतं, तरी दिवा लगेच लागतो, कारण ते सगळीकडे एकदमच हलू लागतात. यावरही मुलं वाद घालतात, घालू द्यावा.

गणिताचं उदाहरण थोडक्यात. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी 'जिओजेब्रा' हे सॉफ्टवेअर बनवायला घेतलं, ते 2001 च्या सुमारास. बालभारतीच्या भूमितीच्या पुस्तकातही चौकटीत त्याचं नाव छापलेलं आहे. किती वर्गांत त्या चौकटीवरून उडी मारली जाते ते विचारू नका. जिओजेब्रात एक वर्तुळ काढा, त्यावर ए आणि बी हे बिंदू पक्के करा, तिसरा बिंदू सी वर्तुळावर मोकळा ठेवा. विचारा: सी सरकवला तर ए-सी-बी हा कोन वाढेल, घटेल की तेवढाच राहील? अंदाज लिहून झाले की सरकवा. कोन चाळीस अंश असेल तर चाळीसच राहतो. आणि सी सरकत सरकत ए किंवा बी ओलांडून पलीकडच्या कंसावर गेला, की एका झटक्यात एकशे चाळीस! चाळीस आणि एकशे चाळीस मिळून किती, हे सांगावं लागत नाही. चक्रीय चौकोनाचं प्रमेय पुस्तकात यायच्या आधी वर्गात येऊन बसतं. मात्र पडद्यावर शंभर जागी चाळीस दिसलं म्हणून प्रमेय सिद्ध झालं, असं मुलांनी समजू नये. सिद्धता खडूनेच लिहायची.

भूगोल-खगोलाकडे वळलं तर 'स्टेलॅरियम' हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर आहे. आपला सारा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुण्यात हा दिवस येतो मेच्या मध्याच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. मे महिन्यात शाळेला सुट्टी, जुलैत आभाळ भरलेलं! शिक्षणखात्याने आणि पावसाने मिळून केलेला हा कट स्टेलॅरियमवर मोडता येतो. आपल्या गावाचे अक्षांश टाकायचे, तारीख पुढेमागे सरकवायची आणि मध्यान्हीचा सूर्य कुठे आहे ते बघायचं. मग विचारायचं, नागपूरला हाच दिवस असेल का?

आणि अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ विसरून चालणार नाही. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून दाखवली. ती खेळणी बनवण्याची कृती आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं त्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. मला ते अशासाठी आवडतं, की ते बघून मूल पडद्यापासून उठतं आणि काडेपेटी शोधायला लागतं.

आता 'फुकट' या गोष्टीबद्दल. फुकट म्हणजे कायमचं नव्हे. गूगलचं जॅमबोर्ड अनेक शिक्षक फळ्यासारखं वापरत होते, 2024 च्या अखेरीस ते बंद झालं. स्टेलॅरियमसारखं मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर असेल तर बनवणाऱ्याने हात काढून घेतला तरी दुसरा कुणी ते पुढे चालवू शकतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. काही प्रश्नमंजुषांची अॅप्स प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर मागतात. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अट आहे. म्हणून साधा नियम ठेवावा: जे साधन मुलाचं नाव न विचारता चालतं, ते आधी वापरावं. फेट, जिओजेब्रा, स्टेलॅरियम ही तिन्ही तशी चालतात.

काही शिक्षक म्हणतील, आमच्या शाळेत नेटच नाही, दुपारी वीजही जाते, मुलांकडे फोन नाहीत. खरं आहे. पण मी सांगितलेल्या एकाही गोष्टीला मुलांकडे फोन असणं गरजेचं नाही. एक पडदा पुरतो, किंबहुना एकच बरा. सगळ्यांच्या माना एका दिशेला असल्या की वाद रंगतो. फेटचे प्रयोग उतरवून घेतले की साध्या ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडतात. जिओजेब्रा आणि स्टेलॅरियमही लॅपटॉपवर बसवता येतात. तालुक्याच्या गावी गेलात की एका संध्याकाळी हे सगळं एका पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो पेन ड्राइव्ह प्रयोगशाळेच्या कपाटात, सगळ्यांना सापडेल असा ठेवा. कपाटावर कोणत्या इयत्तेच्या कोणत्या पाठाला काय उघडायचं, आणि उघडण्याआधी मुलांना कोणता प्रश्न विचारायचा, याचा एक कागद चिकटवा. तो कागद तयार करायलाच खरा वेळ लागतो. शाळेत दोन विज्ञान शिक्षक असतील तर वाटून घ्यावं.

मुख्याध्यापक विचारतील, याची डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद कशी करायची? पेन ड्राइव्हची करा. आतल्या मालाची किंमत शून्य रुपये लिहिलीत तरी लेखापरीक्षकाची हरकत नसावी.