बागेची ती एक ओळ
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



घर बांधायला काढलेल्या माणसाजवळ एक वही असते. माझ्याजवळही होती. विटा, रेती, गिट्टी, लोखंड, सेंट्रिंगवाल्याची मजुरी, एवढंच काय, स्लॅबच्या दिवशी मजुरांना दिलेल्या जेवणाचा खर्चही तिच्यात आहे. त्या वहीच्या शेवटच्या पानावर, तेही पेन्सिलीनं, मी लिहिलं होतं : ‘बाग, दीड लाख.’ आज बोलायचं आहे ते त्या एका ओळीबद्दल.

मी गणिताचा निवृत्त शिक्षक. भंडारा शहराबाहेर तीन हजार चौरस फुटांचा प्लॉट घेतला आणि निवृत्तीच्या पैशातून बाराशे फुटांचं घर बांधलं. आई तेव्हा एक्याऐंशी वर्षांची होती. लाखांदूर तालुक्यातलं गावचं घर सोडून यायला ती काही तयार होईना. शेवटी एका अटीवर कबूल झाली. म्हणाली, “मले बसाले आंगन पायजे.” म्हणजे बाग ही आमच्याकडे हौसेची गोष्ट नव्हती. आईला दिलेला शब्द होता तो.

२०२२च्या अक्षय तृतीयेला आम्ही राहायला आलो. बागेचं काम करणाऱ्या एका जाणकाराला त्याआधीच बोलावलं होतं. त्यानं जागा फिरून पाहिली आणि दोन लाख चाळीस हजारांचं अंदाजपत्रक दिलं. माझ्याजवळ होते दीड लाख. मग मी लाल पेन घेतला. पेपर तपासायची सवय, दुसरं काय! ‘जमिनीचा उतार व निचरा, अडतीस हजार’ खोडलं. ‘माती बदलणे, चोवीस हजार’ खोडलं. ‘आराखडा व देखरेख, बारा हजार’ हेही खोडलं. चौऱ्याहत्तर हजार एका झटक्यात वाचले. उरलेल्यात घासाघीस करून सोळा हजार कमी केले आणि बरोबर दीड लाखावर आणलं. सहाशे फुटांचं लॉन, फाटकाजवळ साडेचार हजारांचा एक असे चार पाम, फरशीची पायवाट, दिवे. जे दिसणार ते सगळं ठेवलं. जे दिसणार नाही ते गेलं. त्या माणसानं मला दोनदा विचारलं होतं, “सर, निचरा नक्की काढायचा ना?” दोन्ही वेळा मी हो म्हटलं.

आता माझा प्लॉट म्हणजे काय, ते सांगतो. ती धानाची बांधी होती. आपल्या जिल्ह्यात शहराभोवती जे प्लॉट पडत आहेत, त्यांतले कितीतरी बांध्यांचेच आहेत. आणि बांधी कशासाठी करतात? पाणी धरून ठेवायला. चारी बाजूंनी धुरे, मध्ये सपाट जमीन. वर्षानुवर्षं चिखलणी करून मातीखाली असा घट्ट थर बसतो, की पाणी खाली जिरत नाही. रोवणी केलेल्या धानाला तेच हवं असतं. आमच्या आजोबांनी त्यासाठी जन्मभर कष्ट केले. मी तिथे घर बांधलं आणि पाण्यानं आपलं आपण निघून जावं अशी अपेक्षा केली!

२०२०च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेचा मोठा पूर आला. भंडाऱ्यात कितीतरी घरांत पाणी शिरलं. त्याची धास्ती मनात होती म्हणून मी घराचं जोतं तीन फूट उचललं. घर कोरडं राहिलं, हे खरं. पण छतावरचं पाणी कुठे जाणार, याचा हिशेब केला नाही. हिशेब सोपा आहे, सातवीतला मुलगाही करील. बाराशे चौरस फुटांच्या छतावर एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडला, की सुमारे अकरा हजार लिटर पाणी जमतं. गच्चीवर हजार लिटरची टाकी असते ना, तशा अकरा टाक्या अंगणात ओतल्यासारखं. आपल्याकडे वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच.

जुलैमध्ये लॉनवर घोटाभर पाणी उभं राहिलं. पाऊस थांबला की ओसरायला चार-चार दिवस लागायचे, तोवर पुन्हा पाऊस. लॉन पिवळं पडून कुजलं. दोन पाम कलंडले. पायवाटेच्या फरशा बसल्या, त्यांवर शेवाळ आलं. आईला आम्ही दोन महिने बाहेर पाऊल टाकू दिलं नाही, कारण त्या वयात पाय घसरला तर काय, ही भीती. ती व्हरांड्याच्या जाळीमागे खुर्ची टाकून बसायची. तक्रार केली नाही तिनं. एकदाच म्हणाली, “इथं पऱ्हे टाकले असते त धान झाला असता.”

गावाकडून आमचे एक मामा आले होते. शाळा चौथीपर्यंत, पण जमिनीची नजर मोठी. अंगणात उभं राहून त्यांनी विचारलं, “भाचेबुवा, तुमच्या तलावाचा सांडवा कोठं हाये?” मला हसू आलं नाही. आपल्या भागातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आपल्याला माहीत आहेत. कोहळी समाजानं आणि मालगुजारांनी बांधलेले. त्या प्रत्येकाला सांडवा असतो, जास्तीचं पाणी कुठून बाहेर पडेल ते आधी ठरवलेलं असतं. मी दीड लाख खर्चून बिनसांडव्याचा तलाव बांधला होता.

पुढच्या उन्हाळ्यात एक मुदत ठेव मोडली आणि काम पुन्हा केलं. निचऱ्यासाठी आता लॉन आणि पायवाट उखडावी लागली, म्हणून अडतीस हजारांचं काम एकसष्ट हजारांना पडलं. मातीला सत्तावीस हजार, आराखडा आणि देखरेखीला आठ हजार. एकूण शहाण्णव हजार. मी वाचवलेले चौऱ्याहत्तर हजार असे वाढून परत आले.

या दुसऱ्या खेपेला जे शिकलो ते सांगतो, कारण माझ्यासारखे अनेक जण सध्या वही घेऊन बसले असतील.

बागेचा पहिला खर्च घराचा पाया खणतानाच करायचा असतो, आणि तेव्हा तो सगळ्यात स्वस्त पडतो. जेसीबी दारात उभाच असतो. वरची फूटभर सुपीक माती एका कोपऱ्यात ढीग करून ठेवायला सांगा. आमच्याकडे ती पायाच्या भरावात गेली आणि अंगणात सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे आणि मुरूम पुरला गेला. मग माती विकत. सहाशे फुटांवर सहा इंच थर म्हणजे तीनशे घनफूट, म्हणजे तीन ब्रास. आणि ती कन्हार नको. भारी कन्हार माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. आम्ही हलकी माती आणि भरपूर शेणखत मिसळून घेतलं.

उतार घरापासून बाहेर हवा, पहिल्या दहा फुटांत साधारण सहा इंच. पण त्याआधी रस्त्याकडेची नाली किती उंचीवर आहे ते बघा. आमची नाली अंगणापेक्षा चार इंच वर निघाली! गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तिनं हे दहा मिनिटांत कळतं. कुणी आधी मोजलंच नव्हतं, मीसुद्धा. अंगण उचलावं लागलं. जमीन पाणी पिते की नाही तेही घरच्या घरी कळतं. फूटभर खोल खड्डा करून पाण्यानं भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर रोपवाटिकेत जायची घाई करू नका.

पैशाची वाटणी माझ्या मते अशी : निम्मे पैसे जमिनीखाली जातील हे धरून चाला. दहावा हिस्सा अडीअडचणीला. कारागिराला सगळी रक्कम काम संपताच देऊ नका, चौथा हिस्सा पहिला पावसाळा उलटल्यावर द्यायचा असं आधीच लिहून घ्या. कोणतं रोप मेलं तर कोण बदलून देणार, तेही लिहा. चांगला माणूस याला नाही म्हणत नाही. आणि त्याच्या अंदाजपत्रकातल्या ज्या ओळी कळत नाहीत, त्या खोडण्याआधी विचारा. आराखड्याचे बारा हजार मला फुकटचे वाटले होते.

वर्षाचा खर्च तर कुणी धरतच नाही. महिन्यातून दोनदा येणारा माळी आमच्याकडे बाराशे घेतो. वर्षाचे चौदा हजार चारशे, पाच वर्षांचे बहात्तर हजार. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा सहाशे फुटांच्या लॉनला रोज तीन-सव्वातीनशे लिटर पाणी लागतं. बोअर आटला की ते टँकरनं. म्हणून आम्ही लॉन दीडशे फुटांवर आणलं. बाकीच्या जागेत सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून आणलेली रोपं : आवळा, बहावा, पारिजातक, कडीपत्ता. मोठी झाडं घराच्या भिंतीपासून लांब. जिथे ओल राहते त्या कोपऱ्यात अळू, कर्दळ आणि केळी. माझी सौभाग्यवती म्हणते, हा कोपराच खरा कमावता आहे.

छताचं पाणी आता पाइपनं मागच्या शोषखड्ड्यात जातं आणि खड्डा भरला की तिथून नालीत. मामांनी येऊन पाहिलं आणि मान डोलावली. गेल्या पावसाळ्यात एका रात्री झोड उठवणारा पाऊस आला. पहाटे आईनं हाक मारून मला घड्याळ बघायला लावलं. पाऊस थांबल्यापासून दीड तासानं तिनं काठी टेकत पायवाटेवर पाय ठेवला.

पामांपैकी दोन जगले. ते फाटकाशी उभे आहेत. आई त्यांना खराटे म्हणते. त्यांचे प्रत्येकी साडेचार हजार वहीत अजून तसेच आहेत, मी ते खोडलेले नाहीत.