हायडा लोकांची वाणी



ज्या भाषेविषयी मी आज बोलणार आहे तिचे नावही आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवर पडले नसेल. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यासमोर, पॅसिफिक महासागरात एक द्वीपसमूह आहे. १७८७ साली जॉर्ज डिक्सन या इंग्रज कप्तानाने आपल्या जहाजाचे नाव त्यास दिले आणि पुढे दोनशेहून अधिक वर्षे नकाशांत तो ‘क्वीन शार्लट बेटे’ म्हणून मिरवला. तेथल्या मूळ रहिवाशांस कोणी विचारले नव्हते. २०१० साली ते नाव सरकारी दप्तरातून उतरले व ‘हायडा ग्वाई’, म्हणजे हायडा लोकांची बेटे, हे त्यांच्या भाषेतले नाव अधिकृत झाले. नाव परत आले. भाषा परत आणणे मात्र कितीतरी अवघड आहे.

या भाषेच्या बोली मुख्यतः स्किडगेट, मॅसेट व अलास्का अशा तीन ठिकाणच्या. तिला कोणी सख्खी भगिनी आहे काय, हा वाद जुना आहे. एडवर्ड सपीर या पंडिताने १९१५ साली तिचे नाते शेजारच्या ट्लिंगिट व अथाबास्कन भाषांशी जोडले. आज बहुतेक अभ्यासक तिला एकाकीच मानतात.

आता तिचे उच्चार पाहा. आपल्या प-फ-ब-भ या ओष्ठ्य वर्णांचे तेथे फारसे चालत नाही. सारा कारभार जिव्हा आणि कंठ यांचा. ‘ल’ म्हणण्यासाठी जीभ टेकवावी आणि आवाज न काढता दोन्ही बाजूंनी नुसता श्वास सोडावा, हा तेथील एक नित्याचा वर्ण. कंठ क्षणभर बंद करून ‘क’ किंवा ‘त’ फटकन उडवावा, हा दुसरा. भाषेचे नाव स्किडगेटचा मनुष्य उर्दूतल्या ‘ख़ान’मधील ‘ख़’सारख्या वर्णाने आरंभितो, मॅसेटचा तोच वर्ण घशाच्या तळातून, अरबी ‘हलाल’मधील ‘ह’सारखा काढतो. हैदराबादकडील मंडळींस हा भेद चटकन कळेल. पुस्तकात ठिपके व रेघा देऊन तो दाखविता येतो खरा, पण कानाने ऐकल्यावाचून तो साधत नाही.

ही वाणी क्षीण कशी झाली? १८६२ साली व्हिक्टोरिया शहरी देवीची साथ आली. तेथील अधिकाऱ्यांनी शहराबाहेर तळ देऊन राहिलेल्या मूळ रहिवाशांस हुसकून लाविले आणि ते लोक रोग घेऊनच घरी परतले. गावेच्या गावे ओस पडली. हजारोंचा समाज विसाव्या शतकाच्या आरंभी सहाशेच्या आसपास उरला. अशा त्या पडत्या काळात, १९०० साली, जॉन स्वॉन्टन हा तरुण अमेरिकन अभ्यासक स्किडगेटला आला आणि स्काय व अंध गान्डल या कथेकऱ्यांच्या मुखातून निघालेल्या कथा त्याने अक्षरशः उतरून घेतल्या. वाचलेल्यांवर पुढे निवासी शाळांचा वरवंटा फिरला. मुलांस आईबापांपासून दूर न्यावयाचे व स्वभाषेत बोलल्यास शिक्षा करावयाची, ही तेथली शिस्त. शिक्षा सोसलेली मुले आईबाप झाली तेव्हा त्यांनी आपल्या लेकरांशी इंग्रजीच धरली. त्यांस दोष कोण देईल? घरात एक व शाळेत दुसरी भाषा हा अनुभव आपल्यालाही आहे. परंतु आपल्या पाठीशी कोट्यवधींची मराठी उभी आहे, त्यांच्या पाठीशी कोणी नव्हते. या शाळांबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी २००८ साली संसदेत क्षमा मागितली. अलास्का राज्याने २०१४ साली इंग्रजीच्या जोडीला वीस मूळ भाषांस राजभाषा म्हटले, त्यांत हायडा आहे. पण कचेरीतले कागद त्या भाषेत काढण्याचे बंधन मात्र कोणावर नाही!

खरे काम म्हाताऱ्या माणसांनी केले. १९९८ साली स्किडगेटला भाषेचा वर्ग सुरू झाला. भाषा जाणणारे वृद्ध तेथे जमू लागले, शब्द आठवू लागले, एकमेकांस दुरुस्त करू लागले आणि आपला आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवू लागले. अस्खलित बोलणारे आता मोजकेच, तेही बहुतेक वयोवृद्ध; म्हणून एकेक वर्षाची किंमत आहे. जॉन एन्रिको यांचा मोठा शब्दकोश २००५ साली निघाला. २०१८ साली तर संपूर्ण हायडा भाषेतला पहिला कथापट पडद्यावर आला. त्यातील नटांस ही भाषा येत नव्हती. त्यांच्यासाठी शिबिर भरविले गेले. भाषा जाणणाऱ्यांच्या पुढ्यात बसून त्यांनी आपापली वाक्ये घोकली आणि आजोबा-पणजोबांच्या घशातले ते वर्ण आपल्या घशातून निघेतोवर पुन्हा पुन्हा म्हटली.