स्वस्ताईचा हिशेब



तीस वर्षे मी शाळेतील मुलांना नफातोट्याची उदाहरणे घातली. तथापि नफातोट्याचे खरे उदाहरण मला सेवानिवृत्तीनंतर घरीच मिळाले, आणि मी ते चुकलो. आजचे भाषण त्या चुकीविषयी आहे.

नीरा नदीच्या काठी आमचे निरवांगी हे गाव. लग्न ठरले की आमच्याकडे पहिली धावपळ बस्त्याची. नवरीचा शालू, नवरदेवाचा पोशाख, मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या अशी सारी कापडखरेदी एकदम करणे, यास बस्ता बांधणे म्हणतात. पूर्वापार तो बारामतीस किंवा इंदापुरास ओळखीच्या दुकानी बांधला जाई. गतवर्षी माझ्या पुतणीचे लग्न ठरले, तेव्हा घरातील तरुणांनी निराळीच सूचना केली. पुण्याजवळ मोठमोठ्या छापांच्या कंपन्यांची सवलतीची दुकाने एका आवारात आहेत. त्यास ‘आउटलेट मॉल’ म्हणतात. तेथे निम्म्या किमतीत माल मिळतो, असे त्यांचे म्हणणे. मला विचारण्यात आले. मी गणिताचा मास्तर. मी होकार दिला.

बस्त्यासाठी ६०,००० रुपये काढून ठेवले होते. भाड्याची जीप करून आम्ही अकरा माणसे गेलो. सायंकाळी बिल झाले. छापील किमती ८८,०००, सूट १७,६००, देणे ७०,४००. मी घरी येऊन मोठ्या ऐटीने सूट वाचून दाखविली. तेव्हा माझी धाकटी भावजय, म्हणजे नवरीची आई, शांतपणे म्हणाली, “दादा, साडेसतरा हजार वाचले म्हणता, मग ते कोणत्या डब्यात ठेवले?”

या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. रात्री कंदिलाऐवजी विजेच्या दिव्याखाली, पण जुन्याच सवयीने, मी वही घेऊन बसलो. आमच्या यादीतील वस्तूंना मॉलमध्ये ४८,००० रुपये पडले होते. त्याच प्रतीच्या वस्तूंचा भाव बारामतीस आम्ही आधी काढला होता, तो ५३,०००. म्हणजे खरी बचत ५,००० रुपयांची. जीपचे भाडे ५,५०० आणि अकरा जणांचे जेवण, चहापाणी २,०००. येथेच २,५०० रुपयांचा तोटा झाला! उरलेले २२,४०० रुपये यादीत नसलेल्या वस्तूंचे होते. एकावर एक फुकट म्हणून सदरे, स्वस्त म्हणून बूट, पुन्हा मिळणार नाही म्हणून पिशव्या. एकूण खर्च ७७,९०० झाला. वरचे १७,९०० रुपये आले कोठून? नवरीच्या धाकट्या बहिणीच्या वसतिगृहासाठी जे १८,००० ठेवले होते, त्यांतून. पुढे ते मी माझ्या निवृत्तिवेतनातून थोडेथोडे करून भरले. सल्ला माझा होता.

मग दोष कोणाचा? दुकानदारास चोर म्हणणे न्यायाचे होणार नाही. चूक आमच्या वजाबाकीत होती. आम्ही छापील किमतीतून वजाबाकी केली. परंतु आवेष्टित मालावरील ‘एमआरपी’ म्हणजे कमाल किरकोळ किंमत. त्याहून अधिक घेऊ नये, एवढाच तिचा अर्थ. तो आकडा माल तयार करणारा किंवा आयात करणारा स्वतःच छापतो. जो आकडा विकणाराच्या पक्षाने ठरविला, त्यावरची सूट ही आपली बचत कशी ठरावी? दुसऱ्या दुकानी तीच वस्तू प्रत्यक्षात काय भावाने मिळते, तेथून वजाबाकी सुरू व्हावयास हवी.

दुसरी गोष्ट मालाची. गिरण्यांनी आपला उरलासुरला व किंचित सदोष माल दाराशीच स्वस्त विकावा, येथून या दुकानांचा उगम झाला. पुढे मात्र केवळ अशा दुकानांसाठीच निराळा, हलक्या प्रतीचा माल तयार होऊ लागला, अशी तक्रार अमेरिकेत झाली. २०१४ साली तेथील काँग्रेसच्या चार सदस्यांनी संघीय व्यापार आयोगास पत्र लिहून याची चौकशी करावी, अशी मागणी केली होती. तेव्हा छाप तीच म्हणून कापडही तेच, असे गृहीत धरू नये. शिवण उलटून पाहावी, कापड बोटांनी चाचपावे. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार किमतीबाबत लोकांची दिशाभूल करणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. पण कायदा आपली यादी करून देत नाही.

यादीचे सामर्थ्य पाहावयाचे असेल तर मुंबई ग्राहक पंचायतीकडे पाहावे. १९७५ साली स्थापन झालेल्या या संस्थेत शेजारची कुटुंबे मिळून संघ करतात, आपली महिन्याची गरज आधी लिहून देतात, आणि माल मग एकत्रित खरेदी होतो. येथे आधी गरज, मागून माल. मॉलमध्ये आधी माल दिसतो, आणि गरज मागून सुचते.

तर मग त्या दुकानांत जाऊच नये काय? असे माझे म्हणणे नाही. पुण्यास अन्य कामासाठी जाणे असेल, भाव आधी ठाऊक असेल आणि हातातील यादी ढळणार नसेल, तर तेथे चार पैसे निश्चित वाचतील. परंतु जाण्यायेण्याचे भाडे वस्तूच्या किमतीत मिळवावे, आणि यादीबाहेरची वस्तू कितीही स्वस्त असली तरी तिची पूर्ण किंमत खर्चात मांडावी.

उसाचे बिल हाती आले की आमच्या भागात खरेदीचे बेत सुरू होतात. त्या वेळी माझ्या भावजयीचा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा. वाचलेला पैसा डब्यात दिसला पाहिजे. दिसत नसेल तर तो वाचलेला नाही.