हत्तींचा निरोप घेताना

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



थायलंडमध्ये चियांग माईजवळ हत्तींच्या आश्रयस्थानात महिनाभर सेवा करून मी नुकतीच परतले. काम साधे : चारा कापणे, कलिंगडे धुणे, लीद उचलणे. मोठा हत्ती दिवसाला सुमारे १५० किलो खातो, तेव्हा हात रिकामे राहत नाहीत.

ही आश्रयस्थाने का लागली? १९८९ साली थायलंडने जंगलतोडीवर बंदी घातली. निर्णय चांगलाच होता. पण ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत बेकार झाले. कोणी शहरात भीक मागू लागले, कोणी पर्यटकांना पाठीवर फिरवू लागले.

निघताना वाईट वाटलेच. पण हत्ती ६०-७० वर्षे जगतो, स्वयंसेवक महिन्याला बदलतात. आम्ही लळा लावायचा आणि निघून यायचे, यात त्याचे काय भले? म्हणून चारा-पाणी आम्ही पाहायचो, हत्ती माहुताचाच. माझ्या जागी आता दुसरे कोणी कलिंगडे धूत असेल, आणि तेच बरे.

थाई लोकही गणपतीला मानतात. तिथे तो ‘फ्रा फिकानेत’. सरकारी ललित कला खात्याच्या बोधचिन्हावरही तोच आहे. गजमुखापुढे हात जोडणाऱ्या आपल्याकडे एवढेच मागणे : तिकडे सहलीला गेलात, तर हत्तीवर बसू नका. जिथे स्वारी नाही, तिथेच तिकीट काढा. माहुताचीही चूल त्यावरच पेटते.

सोमवारपासून मी पुन्हा शाळेत शिकवायला जाणार आहे. मुलांना सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

गणपती बाप्पा मोरया!